गाडीचा दम मधेच जातो आणि परत येतो? पार्ट बदलण्याआधी बिघाड रंगेहाथ पकडा

गाडी ठार बंद पडली तर शोधायला सोपी असते, बिघाड तिथेच बसलेला असतो, तुम्ही सावकाश एकेक वायर तपासा, तो कुठे पळून जात नाही. पण मधेच पिकअप जातो, रेस दाबली तरी गाडी ओढत नाही, मागचे हॉर्न वाजवायला लागतात, आणि दोन मिनिटांनी काही झालंच नव्हतं अशी पळायला लागते, हा प्रकार फार छळतो, कारण गॅरेजमध्ये नेली की ती हमखास नीट चालते. मेकॅनिक एक राउंड मारून येतो, म्हणतो ठीक तर आहे, मग अंदाजाने प्लग बदलतात, मग कॉइल, मग फ्युएल पंप. मी माझ्या छोट्या पेट्रोल गाडीत हे सगळं भोगलंय, जवळजवळ चार महिने, पंपसुद्धा नवा बसवून झाला होता आणि शेवटी बिघाड निघाला एका पिनेत. त्यामुळे मी आता एकच गोष्ट सगळ्यांना सांगतो, बिघाड चालू असताना घेतलेलं एखादं तरी रीडिंग हातात येत नाही तोवर एकही पार्ट बदलू नका.

सुरुवात वहीपासून करा, फोनमध्ये नोट केलीत तरी चालेल, पण लिहाच, कारण चार वेळा झालं की आपण मनात चारही वेळा एकत्र करून टाकतो. इंजिन थंड होतं की गरम, स्टार्ट करून किती मिनिटं झाली होती, चढ होता की सपाट, कितव्या गिअरमध्ये किती आरपीएम होते, एसी चालू होता का, टाकीत पेट्रोल किती होतं, आदल्या रात्री पाऊस झाला होता का, खड्ड्यातून गेल्यावर झालं का, नुकतंच पेट्रोल भरलं होतं का. आणि झालं कसं हे तर नक्की लिहा, झटके खात गेली, का हळूहळू दम सुटत गेला, का स्विच बंद केल्यासारखी एकदम गेली. यातून निम्मं निदान होतं, खरंच. ओल्या हवेत झटके म्हणजे बहुतेक वेळा स्पार्ककडे बघायचं, गरम झाल्यावर एकदम बंद पडते आणि थंड झाल्यावर सुरू होते म्हणजे सेन्सर किंवा कॉइल, चढावर दम सुटतो आणि सपाटीला ठीक म्हणजे पेट्रोल पुरत नाही किंवा सायलेन्सरची वाट तुंबलीये, टाकी पावभर झाली की वळणावर अडखळते म्हणजे टाकीतला पंप हवा ओढतोय, आणि पेट्रोल भरल्या भरल्या पाच मिनिटं घरघरते म्हणजे टाकीची वाफ इंजिनकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असू शकतो.

त्याआधी एक खात्री करून घ्या की दम खरंच इंजिनचा जातोय. गाडी ओढत नाही म्हणजे इंजिन कमजोर असं नेहमी नसतं. चढावर वरच्या गिअरमध्ये एक्सिलेटर पूर्ण दाबा, आरपीएम भराभर वाढतायत पण स्पीड तिथेच आहे असं दिसलं तर क्लच प्लेट घसरतीये, इंजिन तपासत बसू नका. दुसरं म्हणजे ब्रेक चिकटणं. पंधरावीस मिनिटं चालवा, शेवटी ब्रेक फारसा न मारता थांबा आणि चारही चाकांजवळ तळहात न्या, हात न लावता, एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर ते चाक गाडीला मागे खेचतंय. हे दोन्ही बऱ्याचदा गरम झाल्यावर होतं म्हणून लोक फसतात. आणि छोट्या इंजिनात एसीचा कॉम्प्रेसर लागला की थोडा दम जाणवण्याइतका कमी होतोच, तो बिघाड नाही, पण एसी बंद करून सुद्धा दम परत येत नसेल तर पुढे वाचा.

आता आरपीएमचा काटा. दम जातो त्या क्षणी याच्याकडे बघायची सवय लावा, किंवा शेजारी बसलेल्याला बघायला सांगा, तेच बरं. चालती गाडी गिअरमध्ये असताना चाकं इंजिनला फिरवत असतात, म्हणजे काटा स्पीडप्रमाणे वर असायला हवा. तरीही तो क्षणात शून्यावर आपटला आणि गाडी मेली, तर इंजिन फिरतंय पण गाडीच्या कॉम्प्युटरला ते कळत नाहीये, म्हणजे क्रँक सेन्सर (इंजिन किती फिरतंय ते मोजणारा), त्याचा कपलर (वायरींचा जोड) किंवा मुख्य सप्लायची वायर. काटा जागेवर आहे, स्पीडबरोबर हळूहळू उतरतोय आणि गाडी फक्त ओढत नाही, तर पेट्रोल, हवा किंवा सायलेन्सर. इतक्या साध्या गोष्टीने दोन गट वेगळे होतात, आणि याला एकही टूल लागत नाही.

चेक इंजिन लाईट लुकलुकत असेल तर तो वेगळाच इशारा आहे. स्थिर लाईट म्हणजे कॉम्प्युटरमध्ये बिघाडाचा कोड नोंदवला गेलाय, सावकाश बघू शकता, पण लुकलुकणारा लाईट म्हणजे आत्ता या क्षणी मिसिंग चालू आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय, तो इतका तापतो की आतली जाळी वितळते. तेव्हा रेस सोडा, शक्य तितक्या लवकर बाजूला घ्या. अजून एक प्रकार, दम गेला आणि गाडी अडीच-तीन हजार आरपीएमच्या वर जातच नाही, इग्निशन बंद करून पुन्हा चालू केलं की ठीक, हा लिंप मोड आहे, कॉम्प्युटरने स्वतःहून दम कमी केलाय. असं झालं तर कोड नक्की साठलेला असतो, बॅटरीची वायर काढून तो पुसू नका! कितीतरी जण "रिसेट" म्हणून बॅटरी काढतात आणि एकुलता एक पुरावा घालवतात.

स्कॅनर घ्या. ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड आणि आकडे वाचणारा) आणि फोनवरचं अ‍ॅप, एवढ्यावर काम होतं. नुसते कोड वाचून थांबू नका. लाईट लागला नसेल तरी पेंडिंग कोड असू शकतात, ते बघा, आणि कोडबरोबर फ्रीझ फ्रेम असते ती उघडा, कोड पडला त्या क्षणी इंजिनचं तापमान, आरपीएम, लोड, स्पीड किती होता ते तिथे लिहिलेलं असतं, तुमच्या वहीशी ताडून बघा. पी०३०० म्हणजे कुठल्या एका सिलिंडरला धरून नसलेलं मिसिंग, पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या नंबरच्या सिलिंडरचं, पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, पी०३३५ क्रँक सेन्सरच्या सर्किटचा, पी२१३५ थ्रॉटल (इंजिनला हवा सोडणारी झडप) किंवा पेडलचे दोन सेन्सर एकमेकांशी जुळत नाहीत याचा. कोड म्हणजे पार्टचं नाव नाही, हे डोक्यात पक्कं बसू दे. पी०१७१ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर (सायलेन्सरच्या वाटेतला ऑक्सिजन मोजणारा) बदलणारे पाहिलेत, सेन्सर बिचारा खरं सांगत होता.

यानंतर लाईव्ह डेटा, आणि इथे थोडा वेळ द्या कारण खरा बिघाड इथेच सापडतो. अ‍ॅपमध्ये रेकॉर्डिंग लावा, गाडी चालवणारा एक आणि फोन बघणारा दुसरा, एकट्याने दोन्ही करू नका. मी ज्या गोष्टी लावतो त्या म्हणजे आरपीएम, स्पीड, पेडल किती दाबलंय, थ्रॉटल किती उघडलाय, मॅप सेन्सर (थ्रॉटलनंतर मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब मोजणारा) असेल तर त्याचा दाब, पुढचा ऑक्सिजन सेन्सर, शॉर्ट आणि लाँग फ्युएल ट्रिम, कूलंटचं तापमान, सिस्टिमचा व्होल्टेज. स्वस्तातल्या स्कॅनरवर एवढ्या गोष्टी लावल्या की आकडे सावकाश बदलतात, तेव्हा दोनतीन फेऱ्यांत विभागून घ्या.

फ्युएल ट्रिम म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय. शॉर्ट (त्या क्षणाची) आणि लाँग (शिकून ठेवलेली) दोन्हींची बेरीज करा, शून्याच्या आसपास पाच टक्के इकडेतिकडे म्हणजे उत्तम, दहापर्यंत चालून जातं, पंधरावीसच्या पुढे अधिक असेल तर काहीतरी नक्की आहे. आता गंमत अशी की ट्रिम कधी वाढतो ते बघायचं. आयडलिंगला जास्त आणि अडीच हजार आरपीएमवर कमी होत असेल तर थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी हवा गळतीये, व्हॅक्यूमची नळी, मॅनिफोल्डची गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाइप, कारण आयडलिंगला इंजिन एकूण हवाच थोडी घेतं म्हणून गळतीचा वाटा मोठा दिसतो. उलट आयडलिंगला ठीक आणि चढावर लोड आला की वाढत जातो, म्हणजे इंजिनला पाहिजे तितकं पेट्रोल पोचत नाहीये, किंवा एअरफ्लो सेन्सर घाण झाल्यामुळे हवा कमी मोजतोय. पेडल पूर्ण दाबल्यावर बऱ्याच गाड्यांमध्ये ट्रिम गोठतो, तिथे ऑक्सिजन सेन्सर बघा, साध्या सेन्सरला फुल लोडवर ०.८ ते ०.९ व्होल्ट दिसायला हवेत, तो ०.१-०.२ वर पडून राहिला तर पेट्रोल उपाशी. फक्त एक लक्षात ठेवा, स्पार्क चुकला तरी न वापरलेली हवा सायलेन्सरमध्ये जाते आणि सेन्सर तसाच खाली जातो, म्हणून मिसिंगचे झटके लागतायत का ते सोबत बघायचं.

मॅपचं रीडिंग पण फार कामाचं आहे. गरम इंजिन आयडलिंगला साधारण ३० ते ४० किलोपास्कल दाखवतं आणि पेडल तळाला टेकवलं की बाहेरच्या हवेच्या जवळ जायला हवं, समुद्रसपाटीला ९५-१००, उंचावर त्याहून कमी. हे बिनटर्बोच्या इंजिनचं झालं. पेडल पूर्ण दाबलंय, गाडी ओढत नाही आणि मॅप पन्नासावरच अडकलाय, तर थ्रॉटल उघडत नाहीये, पेडलचे आणि थ्रॉटलचे आकडे शेजारी ठेवून बघा, किंवा मग फिल्टर कोंबलेला आहे, पाइप आत ओढून चपटा होतोय.

पेट्रोलची बाजू. बहुतेक छोट्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये प्रेशर ३ ते ४ बारच्या आसपास असतं, नक्की आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. महत्त्वाचं हे की प्रेशर बिघाड चालू असताना मोजायचं. उभ्या गाडीत आयडलिंगला मोजून "प्रेशर ओके" म्हणणं याला काहीच अर्थ नाही, आयडलिंगला पेट्रोल लागतं किती, अर्धमेला पंपसुद्धा तेवढं देतो. गेज जोडायचं काम सवय नसेल तर मेकॅनिककडूनच करून घ्या, लाइनमध्ये प्रेशर असतं, आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, जवळ अग्निशामक ठेवायचा, आणि इंजिन गरम असताना लाइन उघडायचीच नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत इंजिनवरची लाइन कधीही स्वतः उघडू नका, तिथे प्रेशर खूपच जास्त असतं, सुरीसारखं कापतं. एक सोपी टेस्ट मात्र कोणीही करू शकतं, दम गेल्यावर बाजूला थांबून टाकीचं झाकण उघडा, आत हवा जोरात ओढली गेल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी नीट चालली, दोनतीनदा असंच झालं, तर टाकीची श्वास घ्यायची वाट बंद आहे.

स्पार्कची बाजू त्यामानाने सोपी आहे, कारण अदलाबदल करता येते. दोन नंबरच्या सिलिंडरचा मिसिंग कोड आलाय समजा, दोनची कॉइल तीनला लावा आणि तीनची दोनला, बाकी काही हलवू नका, कोड पुसून पुन्हा तशीच चालवा. कोड पी०३०२ वरून पी०३०३ झाला तर कॉइल खराब, तिथेच राहिला तर आता प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, आणि तरी तिथेच तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासायचं. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, दोन हलवल्या की कळत नाही कशाने फरक पडला. प्लग काढाल तेव्हा पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते का बघा, स्पार्क टोकाला न पडता त्या रेघेवरून बाहेर पळतोय, आणि तीच जळकी खूण कॉइलच्या रबरी बुटात आतून असते, म्हणून नुसता प्लग बदलला की महिन्याभरात परत तेच. गॅप बऱ्याच गाड्यांत ०.८ ते १.१ मिलिमीटर असतो, आणि गॅप झिजून वाढला की आयडलिंगला काही कळत नाही, वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर जोर द्यायला गेलं की झटके सुरू होतात. कॉइल चालू असताना हात लावू नका, वीसतीस हजार व्होल्ट असतात. तीन सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर गेला म्हणजे तिसरा हिस्सा दम गेला, म्हणून छोट्या गाडीत हे इतकं जाणवतं.

एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीवरचा कार्बन, फाटलेला इनटेक पाइप हे डोळ्यांनी बघून होतं, फक्त पाइपच्या वळ्या हाताने ताणून खालच्या बाजूने बघा, इंजिन जोर घेताना हलतं आणि तेव्हाच चीर उघडते.

सायलेन्सर तुंबला असेल तर गाडी गरम होत जाईल तसा दम कमी होतो आणि वरच्या आरपीएमला गळा आवळल्यासारखं वाटतं. व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला लावून अडीच हजार आरपीएम धरून ठेवा, व्हॅक्यूम स्थिर राहण्याऐवजी हळूहळू उतरत गेला तर वाट बंद आहे. हा बिघाड येतोजातो असाही असू शकतो, कन्व्हर्टरची जाळी सुटून आत फिरते, कधी आडवी येऊन बसते, थंड असताना बाहेरून रबरी हातोडीने टकटक केलं की खुळखुळ्यासारखं वाजतं. डिझेल गाडी असेल तर यातलं स्पार्कचं सगळं सोडून द्या आणि डिझेल फिल्टरमधलं पाणी, टर्बोचा फाटलेला होज, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनकडे सोडणारा) आणि भरलेला डीपीएफ (धुराची काजळी अडवणारा फिल्टर) याच क्रमाने बघा, चढावर काळा धूर आणि शिट्टीसारखा आवाज म्हणजे आधी टर्बोचा होज.

राहिली वायरिंग, आणि माझा अनुभव असा की येणारेजाणारे बिघाड सर्वात जास्त इथेच लपतात. इंजिन आयडलिंगला ठेवून एकेक कपलर आणि वायरचा जुडगा हलक्या हाताने हलवा, पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब, बाही सैल नको, इंजिन अडखळलं की तीच जागा. अर्थिंग मोजायची तर गाडी चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, मल्टिमीटरचा एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरा इंजिनच्या धातूवर, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची वायर किंवा तिचा नट खराब. वायर वरून चकचकीत असली तरी तिच्या टोकाच्या लगच्या (धातूच्या कडीच्या) आत हिरवी बुरशी असू शकते. नुसता ओहमवर लावून तपासू नका, दहाबारा बारीक तारांपैकी एक जरी जोडलेली असली तरी ओहम शून्य दाखवतो, लोड आल्याशिवाय तो दोष दिसतच नाही.

माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. वहीत सहा नोंदी होत्या, सहाही स्टार्ट केल्यानंतर पस्तीस ते पन्नास मिनिटांनी, सहाही चढावर, काटा कधीच शून्यावर आला नाही, कोड एकदाच आणि तो पी०१७१. पंप बदलल्यावर आठ दिवस गाडी सुंदर चालली आणि मग परत तेच, आणि मला वाटलं की नवा पंपच खराब निघाला. मग ट्रिम रेकॉर्ड केला, आयडलिंगला अधिक ४, चढावर अधिक २२. म्हणजे पेट्रोल पोचत नाही हे नक्की, पण पंप नवा. तेव्हा मागची सीट उचलून पंपाच्या कपलरला मागून बारीक पिना लावल्या, मध्ये छोटा फ्यूज टाकून लांब वायर पुढच्या सीटपर्यंत आणली, मल्टिमीटर मित्राच्या हातात दिला आणि त्याच चढावर गेलो. सुरुवातीला १३.५ व्होल्ट. चाळीस मिनिटांनी चढाच्या मध्यावर १२.१, मग ११.४, मग तो मोठ्याने म्हणाला १०.२, आणि त्याच सेकंदाला माझ्या पायाखाली गाडी मेल्यासारखी झाली, पुढे स्कॅनरवर बॅटरीचा व्होल्टेज मात्र १३.९. वरती बाजूला घेऊन, इंजिन बंद करून कपलर काढला, हाताला चटका लागला. चारपैकी एका खाचेचं पांढरं प्लॅस्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं आणि कडेने जरा फुगलेलं, आतली पिन सैल पडून काळी. पंप बदलताना कपलर काढून परत दाबला गेला, पिन थोडी घासली गेली, म्हणून आठ दिवस बरं चाललं होतं, बस एवढंच.

नवीन कपलर, दोन पिना आणि पंपाकडच्या वायरचा चार इंचाचा कडक झालेला तुकडा बदलला. कोड पुसले, वायरी तशाच ठेवून त्याच चढावर, तसंच गरम करून, टाकीही मुद्दाम तेवढीच ठेवून तीन वेळा गेलो, कारण दुरुस्ती झाली हे बिघाड ज्या परिस्थितीत येतो तिथेच कळतं, घराभोवती एक चक्कर मारून नाही. तिन्ही वेळा वरपर्यंत पंपाचा व्होल्टेज १३.३ च्या खाली आला नाही, ट्रिम अधिक ५ वर थांबला, आणि तिसऱ्या फेरीनंतर मी मागच्या सीटखालच्या पिना काढून सीट परत बसवली.